कॅच (इंग्रजी शब्द)

कॅच हा इंग्रजीतला अगदी रोजचा शब्द, क्रियापद म्हणूनही चालतो आणि नाम म्हणूनही. डिक्शनरीत पहिला अर्थ 'पकडणे' असा दिलेला असतो आणि आपली गडबड तिथूनच सुरू होते, कारण नुसतं हातात धरून ठेवणं याला इंग्रजीत होल्ड आहे, खसकन ओढून घेणं याला ग्रॅब आहे. कॅचमध्ये समोरची गोष्ट बहुतेक वेळा हलती असते, पडणारी, पळणारी नाहीतर हातची जाणारी, आणि ती जायच्या आत गाठायची असते. टेबलावर ठेवलेला कप कोणी कॅच करत नाही, टेबलावरून पडणारा करतात.

हा शब्द मूळचा शिकारीचा. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आलेलं एक क्रियापद होतं, अर्थ शिकार करणे, मागे लागणे. उत्तर फ्रान्सच्या बोलीतलं त्याचं रूप इंग्रजीत कॅच झालं आणि मध्य फ्रान्सकडचं रूप चेस झालं, म्हणजे पाठलाग आणि पकड ही इंग्रजीतली सख्खी भावंडं आहेत. भूतकाळी रूप कॉट. शाळेत पोरं सर्रास कॅच्ड लिहितात आणि मार्क घालवतात, पण काही शतकांपूर्वी खुद्द इंग्रज लोकही कॅच्ड लिहायचे, पुढे ते मागे पडलं आणि कॉट टिकलं.

आपल्याकडे हा शब्द घराघरात गेला तो क्रिकेटमुळे. मराठी पेपरांच्या स्कोअरकार्डात 'झे.' आणि 'गो.' छापतात खरं, पण मैदानावर मात्र कॅच घेतला, कॅच सुटला, कॅच उडाला असंच बोलतात. गल्ली क्रिकेटमध्ये वर एक टप्पा एक हात आऊट हा आपला नियम, जो क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लॉर्ड्सवाल्यांच्या (एमसीसी क्लबच्या) पुस्तकात कुठेही नाही. त्यांच्या पुस्तकात कॅचचा नियम ३३ नंबरचा आहे, आणि त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे बॉल हातात आला एवढ्यावर भागत नाही, फिल्डरचा बॉलवर आणि स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा आला की कॅच पुरा होतो, आणि तोवर बॉल हातात असताना पाय सीमारेषेला लागता कामा नये. २९ जून २०२४ ला ब्रिजटाऊनला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या ओव्हरला १६ रन हवे होते, हार्दिकचा पहिलाच बॉल मिलरने लाँग ऑफला उचलला, सूर्यकुमारने तो आत पकडला, तोल जातोय म्हटल्यावर वर उडवला, रेषेबाहेर गेला, परत आत येऊन झेलला. तो कॅच म्हणजे हा नियम चालू मॅचमध्ये समजावून सांगितल्यासारखाच आहे. त्याआधीचा गाजलेला म्हणजे २५ जून १९८३ च्या वर्ल्ड कप फायनलमधला, मदनलालच्या बॉलिंगवर कपिलने उलटं पळत जाऊन घेतलेला रिचर्ड्सचा. पण नुसता कॅचिंगचा विषय असेल तर माझं मत मुंबईच्या एकनाथ सोलकरला. हेल्मेट नसलेल्या जमान्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला बॅट्समनच्या नाकासमोर उभं राहून २७ टेस्टमध्ये ५३ कॅच!

आजारांच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी एकदम उलट चालतात. इंग्रज माणूस सर्दी कॅच करतो, आपल्याकडे सर्दी माणसाला होते आणि तापाने तर माणसाला धरलेलं असतं. इथे एक लक्षात ठेवायचं, इंग्रजीत हा शब्द फक्त संसर्गाच्या रोगांना लावतात, फ्लू कॅच होतो, डायबिटीस किंवा मुतखडा होत नाही. आगीचंही तेच, लाकडाने पेट घेतला हे इंग्रजीत लाकडाने आग कॅच केली असं होतं. गाडीच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचं जमतं. रोज बसने जाणं यासाठी साधारण टेक वापरतात, पण वेळ गाठायची असेल, चुकायची भीती असेल तर कॅच, आणि मुंबईकर ८:१२ ची फास्ट 'पकडतो' तेव्हा त्यात हाच अर्थ असतो. बाकी किरकोळ प्रयोग भरपूर आहेत, दम घेणं, डुलकी काढणं, लक्ष वेधणं, रंगेहाथ सापडणं, पदर खिळ्याला अडकणं, समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येणं, या सगळ्याला इंग्रजीत एकटा कॅच पुरतो. ऑफिसातलं कॅच-अप म्हणजे खरं तर राहिलेलं भरून काढणं, पण आता त्याचा अर्थ भेटून गप्पा असाही झालाय.

नाम म्हणून सगळ्यात मजेशीर अर्थ म्हणजे गोम. कोणी फुकट काहीतरी देतोय म्हटलं की इंग्रज विचारतो यात कॅच काय आहे, आणि आपण म्हणतो ग्यानबाची मेख कुठे आहे. यातूनच कॅच-२२ निघालं. जोसेफ हेलर या अमेरिकन लेखकाच्या १९६१ च्या कादंबरीचं हे नाव, त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांसाठी नियम असा की वेड लागलेल्याला उड्डाणातून सुट्टी मिळते पण त्यासाठी त्याने स्वतः अर्ज करायचा, आणि जो जीव वाचवायला अर्ज करतो तो शहाणाच असणार, म्हणून त्याला सुट्टी नाही. आपल्याकडे हे फार आधीपासून आहे, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. योगायोग बघा, दोन्हीकडे वेडच!

मासेमारीत कॅच म्हणजे जाळ्यात गावलेलं एकूण म्हावरं, आणि नको असताना सोबत आलेलं कासव, पिल्लं वगैरे ते बायकॅच. धरणांच्या बातम्यांमधलं कॅचमेंट म्हणजे पाणलोट क्षेत्र, जिथलं पावसाचं पाणी शेवटी त्या धरणातच उतरतं.

रेल्वेतली कॅच सायडिंग मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी कारण ती बोर घाटात आहे आणि पुणे-मुंबई करणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते. खंडाळ्यावरून कर्जतकडे उतरताना चढउतार ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर खाली, रेल्वेच्या हिशोबात हे भयंकर. ब्रेक फेल झाला तर गाडी सुसाट खालीच येणार. म्हणून मेन लाइनला फुटणारा एक आडवा रूळ डोंगराच्या बाजूला चढावर नेलेला असतो आणि पॉइंट्स, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, एरवी त्या रुळाकडेच लावलेले असतात. उतरणारी गाडी आधी त्या फाट्याच्या अलीकडे थांबते, थांबली म्हणजे ब्रेक धड आहेत हे कळलं, मग पॉइंट्स मेन लाइनला फिरवून सिग्नल देतात. न थांबणारी गाडी आपोआप चढावर जाऊन वेग हरवते. घाटात गाडी विनाकारण थांबली म्हणून आपण चिडतो, त्यातले काही थांबे या ब्रेकच्या भानगडीसाठी असतात.

प्रोग्रामिंगमध्ये जावा, सी प्लस प्लस वगैरे भाषांत ट्राय आणि कॅच अशी जोडी असते, ट्रायमधल्या कोडने एरर फेकली की ती कॅचमध्ये झेलायची, नाहीतर प्रोग्राम कोसळतो. फोनमधली 'कॅचे' मेमरी (तात्पुरता साठवलेला डेटा) मात्र या शब्दाची कोणी नव्हे. ते फ्रेंचमधल्या 'लपवणे' या क्रियापदातून आलंय, स्पेलिंगही वेगळं आणि उच्चार कॅश. पण मोबाईलच्या दुकानात जाऊन कॅश क्लिअर करा म्हणालात तर पोरगा बिल काढेल, तिथे कॅचेच म्हणा.