पालकाच्या आधी मुंबई

गरोदरपणात डॉक्टर हमखास लिहून देतात त्या फॉलिक ॲसिडचं नाव लॅटिनमधल्या ‘फोलियम’, म्हणजे पान, या शब्दावरून आलं. १९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून हा पदार्थ वेगळा काढला आणि पानांवरून त्याचं बारसं केलं. त्याचा माग मात्र आधीच मुंबईत लागला होता.

१९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. सूतगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा पांडुरोग होत होता. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या असत. विल्सनं जंतुसंसर्गापेक्षा आहाराकडे लक्ष दिलं. या बायका काय खातात याची तिनं बारकाईनं पाहणी केली, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. अखेर गुण आला तो मार्माइटनं, म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टच्या स्वस्त अर्कानं! १९३१ मध्ये तिनं हे प्रसिद्ध केलं. अर्कातल्या त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

पेशी मोठ्या का होत्या, याचं उत्तर नंतर मिळालं. डीएनए तयार करायला शरीराला फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच अन्नातलं रूप, लागतं. ते कमी पडलं की पेशी वाढते, पण तिचं विभाजन अडतं.

दरम्यान इतरांनाही हाच पदार्थ वेगवेगळ्या वाटांनी सापडत होता आणि प्रत्येक जण त्याला आपलं नाव देत होता. माकडांना तो लागतो म्हणून इंग्रजीतल्या ‘मंकी’वरून ‘व्हिटॅमिन एम’. कोंबडीच्या पिल्लांना, म्हणजे ‘चिक’ना लागतो म्हणून ‘व्हिटॅमिन बीसी’. माकडाला आणि पिल्लाला नावात जागा मिळाली. ज्या बायकांच्या रक्तामुळे हा शोध सुरू झाला, त्या गिरणी कामगारणींची आठवण एकाही नावात नाही, हे मला फार लागतं.

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, मूळचे आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली हा पदार्थ कृत्रिमरीत्या तयार झाला आणि गोळीची वाट मोकळी झाली. १९९१ च्या एका मोठ्या चाचणीत आधीचं मूल मज्जारज्जूच्या जन्मदोषाचं असलेल्या स्त्रियांनी ती घेतली, तेव्हा पुढच्या बाळाला तो दोष होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटला. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर चारेक आठवड्यांतच मिटते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं, म्हणून मूल हवं असं ठरवताच डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी.