गटाराच्या झाकणाचे वजन

मुंबईत हिंदमातेसारख्या सखल भागात पाणी भरले की रस्त्याच्या मधोमध एखादी झाडाची फांदी पाण्यातून वर आलेली दिसते आणि बऱ्याचदा तिच्या टोकाला लाल फडकेही बांधलेले असते. पाणी लवकर ओसरावे म्हणून कुणीतरी मॅनहोलचे झाकण काढले आहे, त्या बाजूला जाऊ नका, असा तिचा अर्थ असतो आणि तो मुंबईकराला कुणी शिकवावा लागत नाही. मात्र खूण दिसली नाही तर काय होते, हे २९ ऑगस्ट २०१७ रोजी साऱ्या शहराने पाहिले. त्या दिवशी एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर घरी चालत जाताना प्रभादेवी परिसरातील उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला.

झाकण उघडे राहण्याची कारणे मोजकीच असतात. ते चोरीला जाते, तुटते, आतल्या पाण्याच्या दाबाने उडते, किंवा कुणीतरी काढते आणि परत बसवत नाही. पारंपरिक झाकण बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. ते मजबूत असले तरी भंगारात किलोवर विकले जाते, आणि चोराला तेवढे कारण पुरते. सिमेंट काँक्रीटच्या झाकणाला भंगारात भाव नसतो. पण ते जड असते, त्याच्या कडा उडतात आणि आतली सळई उघडी पडून गंजते. या दोन्हींना पर्याय म्हणून काचेचे तंतू आणि रेझीन, म्हणजे घट्ट होणारे राळेसारखे कृत्रिम द्रव्य, यांपासून बनवलेली संमिश्र, म्हणजे कंपोझिट झाकणे पुढे आली आहेत.

काच आणि मजबुती हे शब्द एकत्र ऐकायला विचित्र वाटतात. काच फुटते ती मुख्यतः तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म चिरांमुळे. तंतू जितका बारीक, तितकी मोठी चीर त्यात मावण्याची शक्यता कमी. म्हणून केसाहून बारीक काचतंतू ओढून तोडायला साध्या पोलादापेक्षा कितीतरी अधिक ताण लागतो. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने गेल्या शतकाच्या विशीतच हे प्रयोगाने दाखवले होते. तंतू भार पेलतो आणि त्याभोवतीचे रेझीन तो भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचवते. झाकणांसाठी बहुधा पॉलिएस्टर रेझीन वापरतात. तंतू, रेझीन आणि चुनखडीची भुकटी यांचे कणकेसारखे मिश्रण साच्यात घालून सुमारे १५० अंश सेल्सिअसला मोठ्या दाबाखाली दाबले की काही मिनिटांत रेझीनच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तसे हे झाकण पुन्हा वितळवता येत नाही. भंगारवाला ते घेत नाही याचे कारण हेच. आणि निकामी झालेल्या झाकणाचे पुढे काय करायचे, हा प्रश्नही त्याच गुणातून निर्माण होतो.

वजनाचा हिशेब सोपा आहे. बिडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.२ पट असते, तर काचतंतूंच्या कंपोझिटची दुपटीहून थोडी कमी. पण कंपोझिटचा ताठपणा कमी असतो. चांगल्या प्रतीच्या बिडाच्या साधारण एक अष्टमांश धरला, तर त्याच भाराखाली ते आठपट वाकेल. सुदैवाने पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे जाडी दुप्पट केली की आठपटीची तूट भरून निघते आणि तरीही वजन सुमारे निम्मेच राहते. खालच्या बाजूला फासळ्या दिल्या की त्याहून कमी. झाकण उलटे केलेले कधी दिसले तर या फासळ्यांची जाळी जरूर पाहावी. खरे अभियांत्रिकी काम तिथे असते.

या हलकेपणाचा पहिला लाभ सफाई कामगाराला मिळतो. आदर्श परिस्थितीतही एका माणसाने २३ किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये, असे एक प्रचलित सूत्र सांगते. रस्त्यावरचे मोठे बिडाचे झाकण १०० किलोच्या आसपास भरते. ते पहारीने उचकटून सरकवताना बोटे चेमटतात, पाठी धरतात. यंत्राने सफाई करण्यापूर्वी आतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघून जावा म्हणून आजूबाजूचीही झाकणे उघडून ठेवावी लागतात आणि झाकण जड असले की नेमका याच कामात हात आखडता घेतला जातो. हाच वायू ओलसर भिंतींवरील जिवाणूंमुळे सल्फ्युरिक आम्ल बनून सिमेंट आणि लोखंड खातो. रेझीन अखंड असेल तर कंपोझिट त्याला बरेच दाद देत नाही.

मात्र मुंबईच्या पावसाळ्यात हलकेपणाच उलटू शकतो. ६० सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर खालच्या पाण्याचा दाब एका सेंटीमीटर उंचीमागे सुमारे २.८ किलो भार वर ढकलतो. कोरड्या रस्त्यावरील १०० किलोचे बिडाचे झाकण उचलायला आतल्या पाण्याचा दाब सुमारे ३५ सेंटीमीटर उंचीच्या पाण्याइतका व्हावा लागतो, तर ४० किलोच्या कंपोझिट झाकणाला १४ सेंटीमीटर पुरतात. रस्ताही पाण्याखाली असेल तर आर्किमिडीजचा नियम लागू होतो: बुडालेल्या बिडाचे वजन ८६ किलो उरते, कंपोझिटचे मात्र १९ च. मग आत-बाहेरच्या पातळीत ७ सेंटीमीटरचा फरक पडला तरी ते जागा सोडते. केवळ वजनाच्या भरवशावर बसवलेले कंपोझिट झाकण माझ्या मते पूरप्रवण रस्त्यावर बिडापेक्षा अधिक धोक्याचे आहे. त्याला चौकटीत अडकणारे कुलूप हवे आणि पाणी व हवा सुटण्यासाठी छिद्रे हवीत. शिवाय खाली संरक्षक जाळी हवीच, कारण कुलूप उघडणारा माणूसच झाकण परत लावायला विसरू शकतो.

दुसरी दुखणीही आहेत. कंपोझिट जळते, नाक्यावरचा कचरा पेटवला किंवा होळीच झाकणावर रचली तर बीड टिकेल, रेझीन टिकणार नाही. रस्ता नव्याने करताना सुमारे १५० अंशांचे डांबर त्यावर ओतले तर तेही त्याला सोसेलच असे नाही. उन्हाने वरचे रेझीन झिजून तंतू उघडे पडतात. एकाच जागी दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या ट्रकखाली ते हळूहळू खचते.

म्हणून खरेदीच्या वेळी फक्त ‘किती टन पेलते’ हे विचारणे अपुरे पडते. भारतीय मानकात बिडाच्या झाकणांच्या २.५, १०, २०, ३५ टन अशा श्रेणी आहेत. युरोपच्या ईएन १२४ या मानकात २०१५ पासून कंपोझिटसाठी स्वतंत्र भागच आहे. तिथे आधी चाचणीभाराच्या दोन तृतीयांश भार पाच वेळा देऊन काढतात आणि झाकण मूळ जागी किती परतले हे मोजतात. पूर्ण भार त्यानंतर येतो. कुलपाची आणि चौकटीची तपासणी मात्र प्रयोगशाळेत संपत नाही. खाचेत माती आणि खडी अडकली की खटका पूर्ण बसत नाही आणि वरून पाहणाऱ्याला झाकण बंदच दिसते. मे महिन्यातील नालेसफाईच्या वेळी प्रत्येक खटका हाताने ओढून पाहिला तरच ते कळते.