पैजेच्या खिडकीतून आलेला जगज्जेता

2023 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या, पण ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती मात्र दिल्लीत झाल्या. आपल्या गोव्यात वेलोड्रोमच, म्हणजे त्यासाठी लागणारा उतरत्या कडांचा गोल ट्रॅकच नाही. पणजी-रायबंदर रस्त्यावर पहाटे दिसतात त्या सायकली गिअरच्या आणि ब्रेकच्या. ट्रॅकवरच्या सायकलीला दोन्ही नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच, वेग कमी करायचा तर पायांनीच. त्यामुळे जपानी ट्रॅक सायकलपटू कोइची नाकानो हे नाव इथे फारसं कुणी ऐकलेलं नसलं तर नवल नाही.

नाकानो स्प्रिंटर. स्प्रिंटच्या लढतीत दोघेच असतात आणि सुरुवातीला त्यांना घाई नसते. पुढे राहणारा वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाला दबा धरतो. म्हणून पुढे जायचं टाळायला कधी कधी दोघेही उतरत्या ट्रॅकवर सायकल जागच्या जागी तोलून उभे राहतात, पाय पायडलवरच. मग एकाचा धीर सुटतो आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सगळं संपतं.

हा माणूस ज्या खेळातून आला तो गोव्याला चांगला समजावा. धिरयोभोवती, म्हणजे बैलांच्या झुंजींभोवती, पैजा कशा लागतात ते आपण पाहिलंय आणि कॅसिनोंच्या महसुलावरचा वाद तर मांडवीत नांगर टाकूनच उभा आहे. महायुद्धात बेचिराख झालेल्या जपानमध्ये नगरपालिकांना पैसा हवा होता. 1948 मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी कोकुरा शहरात सायकल शर्यतींवर अधिकृत पैजा सुरू झाल्या. हेच केइरिन. नऊ स्पर्धक, ओळखायला सोपे म्हणून रंगीत जर्सी, आणि आधी ठरावीक अंतर वेग बांधून देणारा एक सायकलस्वार. निकाल विकला जाऊ नये म्हणून शर्यतींच्या दिवसांत खेळाडूंचा बाहेरच्या जगाशी संपर्कच तोडतात. जुगाराला इतकी शिस्त लावलेली पाहून मला थोडा हेवाच वाटतो.

नाकानोचा जन्म 1955 चा, कुरुमे शहरातला. वडीलही केइरिनचे खेळाडू. शाळेत तो धावपटू होता, सायकलवर नंतर वळला आणि 1975 मध्ये व्यावसायिक झाला. दोनच वर्षांनी व्हेनेझुएलातल्या सान क्रिस्तोबालला त्याने जागतिक स्प्रिंट विजेतेपद जिंकलं. तिथून 1986 पर्यंत, सलग दहा वर्षं, ते कुणाला दिलं नाही. सगळी सोपी नव्हती. 1982 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या अंतिम लढतीत कॅनडाच्या गॉर्डन सिंगल्टनशी त्याची टक्कर झाली. जखमी सिंगल्टन निर्णायक शर्यतीला उभाच राहू शकला नाही. त्या वर्षाचं पदक मोजताना ही गोष्ट सांगायला हवी.

पोट मात्र केइरिनवरच. 1980 मध्ये त्याची वर्षाची बक्षिसं दहा कोटी येनच्या पुढे गेली. जपानी खेळाडूंत हे आधी कुणाला जमलं नव्हतं. पण याच कमाईने ऑलिंपिकचं दारही बंद ठेवलं. सायकलिंगमधल्या व्यावसायिकांना तिथे प्रवेश मिळाला 1996 मध्ये, आणि तो 1992 मध्येच निवृत्त झाला होता. 2000 मध्ये सिडनीत खुद्द केइरिन ऑलिंपिकमध्ये आलं, पैजेच्या खिडक्यांशिवाय. पहिलं सुवर्ण फ्रान्सच्या फ्लोरियाँ रूसोने नेलं.