स्टॅश पॉप की स्टॅश अप्लाय?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. अर्धवट काम कमिट न करता (पक्कं न नोंदवता) गिट पुल मारला, म्हणजे सर्व्हरवरचे बदल आपल्याकडे ओढले, आणि तुम्ही बदललेलीच फाइल वरूनही बदलून येत असेल, तर गिट मर्ज करायला, म्हणजे दोन्ही बदल एकत्र करायला, नकार देतं. मग गिट स्टॅश (बदल तात्पुरते बाजूला ठेवणं), गिट पुल, गिट स्टॅश पॉप (ते परत आणणं) हा क्रम ठरलेला. पॉपच्या जागी अप्लाय दिलं तरी बदल तसेच परत येतात, पण अप्लाय स्टॅशमधली नोंद राखून ठेवतं आणि पॉप बदल विनाअडथळा बसले की ती काढून टाकतं.

विनाअडथळा बसणं म्हणजे कोड चालणं नव्हे. समजा, इंदूरच्या सिटी बसचं वेळापत्रक दाखवणारं अ‍ॅप दोघे मिळून करताहेत. एकाने थांबा शोधणाऱ्या फंक्शनचं नाव बदलून पुश केलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलं. दुसऱ्याच्या स्टॅशमध्ये विजय नगरच्या फेऱ्यांचा कोड आहे आणि तो जुन्याच नावाने फंक्शन बोलावतो. ओळी वेगळ्या, म्हणून कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) नाही. पॉप यशस्वी, नोंद गेली, अ‍ॅप मात्र बंद. दुरुस्त करताना गोंधळ वाढला तर मूळ प्रत हाताशी नाही. म्हणून अप्लाय करा, टेस्ट चालवा, मगच गिट स्टॅश ड्रॉप, म्हणजे नोंद काढून टाकणं.

दोघांनी राजवाडा थांब्याची तीच ओळ बदलली असेल तर कॉन्फ्लिक्ट येतो. गिट फाइलमध्ये टाकतं त्या खुणांमध्ये वरचा भाग 'अपडेटेड अपस्ट्रीम' म्हणजे नुकता आलेला, खालचा 'स्टॅश्ड चेंजेस' म्हणजे तुमचा. अशा वेळी पॉपसुद्धा नोंद ठेवतं. कॉन्फ्लिक्ट सोडवून गिट अ‍ॅड केल्यावर ती स्वतः ड्रॉप करावी लागते, आणि नेमकं हेच राहून जातं.

त्याचे परिणाम पुढे दिसतात. बदल काहीच नसताना स्टॅश दिलं तर 'नो लोकल चेंजेस टु सेव्ह' एवढाच संदेश येतो, एरर नाही. तिन्ही कमांड एका स्क्रिप्टमध्ये असतील तर पुढचा पॉप ती राहिलेली जुनी नोंद आजच्या कोडवर ओततो, मग ती दुसऱ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) केलेली का असेना. पॉपआधी गिट स्टॅश लिस्ट बघाच.

नव्या, अ‍ॅड न केलेल्या फाइल साधं स्टॅश उचलत नाही. त्यासाठी गिट स्टॅशपुढे -यू (-u) हवं.

नोंद चुकून गेलीच, तर ड्रॉप होताना टर्मिनलवर छापलेला हॅश, म्हणजे त्या नोंदीचा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, शोधा. गिट स्टॅश अप्लाय आणि पुढे तो हॅश दिला की बदल परत येतात. मात्र उशीर नको: गिटची साफसफाई अशा सुट्या पडलेल्या गोष्टी मूळ सेटिंगनुसार 2 आठवड्यांनंतर पुसू शकते.