मामा, तुन्हं मशीन खोटं खेयस!

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या घराच्या ओट्यावर मी हाताने बनवलेलं खेळाचं मशीन मांडलं होतं. जुन्या कूलरचा पत्रा, त्यावर गोलात लावलेले ३२ रंगीत एलईडी, मधोमध मुठीएवढं लाल बटण. उजेडाचा ठिपका सेकंदाला एक फेरी मारतो. तो हिरव्या खुणेवर आला की बटण दाबायचं. एवढाच खेळ. झोके सोडून पोरं भोवती जमली आणि अर्ध्या तासात आठ वर्षांच्या भाचीने निकाल दिला, "मामा, तुन्हं मशीन खोटं खेयस!" (तुझं मशीन खोटं खेळतं!)

तिचं बरोबर होतं. ठिपका खुणेवर थांबायचा, पोरं ओरडायची आणि तेवढ्यात तो पुन्हा पळत सुटायचा. बटणाच्या आत धातूचे दोन तुकडे असतात. दाबल्यावर ते शहाण्यासारखे चिकटत नाहीत. फरशीवर पडलेल्या गोटीसारखे काही मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग) उसळतात. आपल्या बोटाला तो एकच दाब वाटतो, पण सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांवर चालणाऱ्या चिपला ते तीन-चार दाब दिसतात. पहिल्याने खेळ थांबतो, दुसऱ्याने पुन्हा सुरू.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे उसळी शांत होईपर्यंत वीसेक मिलिसेकंद थांबायचं आणि मग बटण वाचायचं. दारावरच्या बेलला हे चालेल. इथे एक दिवा जेमतेम ३१ मिलिसेकंद पेटतो. त्यातले २० वाट बघण्यात गेले तर ठिपका पुढच्या दिव्यावर जायचा. म्हणून नव्या आवृत्तीत क्रम उलटा केला. पहिला स्पर्श झाला ती वेळ लगेच टिपायची आणि नंतरच्या उसळीकडे बघायचंच नाही. बोट उचलतानाही संपर्क उसळतात, तेव्हा बटण सुटून ३० मिलिसेकंद शांत राहिल्याशिवाय पुढचा दाब धरायचा नाही.

दुसरी चूक निव्वळ माझ्या आळसाची. चिप दिवा पेटवायची, ३१ मिलिसेकंद झोपायची, ठिपका पुढे सरकवायची आणि मग बटणाकडे बघायची. म्हणजे खुणेवर अचूक दाबलं तरी ठिपका शेजारी जाऊन थांबणार. आता बटण दाबताच चिप हातातलं काम टाकून वेळेची नोंद करते. ही एलईडीची पट्टी मात्र तिला एकदा अडवतेच. प्रत्येक दिव्याला रंगाचा निरोप द्यायला ३० मायक्रोसेकंद (मिलिसेकंदाचा हजारावा भाग), ३२ दिव्यांचा मिळून जवळपास एक मिलिसेकंद, आणि तेवढा वेळ चिपला दुसरं काही ऐकू येत नाही. ३१ मध्ये १ गेला, तो मी सोडून दिला.

डोळ्याला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ठिपका सहा ते आठ दिवे ओलांडतो. म्हणजे बघून दाबणारा कधीच जिंकणार नाही. झोक्याला धक्का देणारी मुलगी झोका हाताला लागायची वाट बघत नाही, लय धरते; इथेही तसंच. म्हणूनच मशीनला ठरावीक उशीर झाला तर हात तो शिकून घेतो, पण दर वेळी वेगळा उशीर झाला तर लयच मोडते. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या व्हिडिओ गेममध्ये शत्रू कमी झाले की चिपचं चित्र काढायचं काम कमी व्हायचं आणि उरलेले शत्रू वेगाने धावायचे. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि खेळाला रंगत आली. पण तो वेग हळूहळू, कळेल असा वाढत होता. माझं मशीन लहरी होतं.

सगळ्यात लाजिरवाणी खोट वेगळीच. कुणी खरोखर जिंकलं की मशीन बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं! जिंकल्यावर सगळे दिवे पांढरे करायची हौस माझी. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. ३२ दिव्यांचे जवळजवळ दोन अँपिअर. लावलेला होता एक अँपिअरचा मोबाइल चार्जर. व्होल्टेज बसायचं आणि चिप मान टाकायची. आता तीन अँपिअरचा पुरवठा, पट्टीच्या तोंडाशी थोडी वीज साठवून धरणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि उजेड एक तृतीयांश. तेवढाही संध्याकाळी डोळ्यावर येतो.

शेजारचा कूलर चालू-बंद झाला की बटण न दाबताच ठिपका थांबायचा. बटणाची लांब वायर अँटेनाचं काम करत होती. वायरींना पीळ दिला, चिपजवळ ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि १०४ नंबरचा छोटा कपॅसिटर लावला. पत्र्याला अर्थिंग केलं आणि २३० व्होल्ट पेटीबाहेरच ठेवले. पोरांच्या हाताशी पत्रा आहे, तिथे हयगय नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, बंद पत्र्याच्या पेटीत त्याहून वर. म्हणून खाली-वर भोकं पाडली आणि पट्टीजवळचा मोठा कपॅसिटर ८५ ऐवजी १०५ अंश सोसणारा घेतला. अशा कपॅसिटरचं आयुष्य तापमानाच्या दर दहा अंश वाढीला ढोबळमानाने निम्मं होतं.

भाचीला आता समोरासमोर दोन बटणं हवी आहेत, आधी कोण दाबतं ते बघायला. त्यासाठी चिपने दोन्ही बटणं एकामागून एक न बघता एकाच वाचनात बघायला हवीत. फरक मायक्रोसेकंदांचाच, पण तिला ते सांगून बघा.