कितव्या डिव्हिजनचा फॉरवर्ड?

फुटबॉलमधला फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा, बाहेरगावच्या क्लबकडून खेळायला लागला की सोलापुरात ओळखीची माणसं पहिला प्रश्न एकच विचारतात. "कितव्या डिव्हिजनला हाईस बे?" पोरगा जरा थांबतो, मग "नॅशनलला" असं काहीतरी मोघम सांगतो. त्याचं थांबणं लाजेचं नसतं. उत्तर खरोखरच गुंतागुंतीचं आहे.

जुन्या पिढीला हा प्रश्न पडत नव्हता. तेव्हा फॉरवर्डची कारकीर्द म्हणजे नोकरी. सोलापूर हे मध्य रेल्वेचं विभागीय ठिकाण, त्यामुळे "रेल्वेत लागला" हे वाक्य घरात कुठल्याही गोलापेक्षा मोठं. रेल्वेचा संघ संतोष ट्रॉफीत, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, स्वतंत्र उतरायचा आणि 1961, 1964, 1966 अशी तीनदा ट्रॉफीही घेऊन गेला. मुंबईत गिरण्या, बँका, विमान कंपनी यांचे संघ होते. तिशीनंतर पाय जड झाले तरी हजेरीपटावरचं नाव कायम राहायचं. कोल्हापुरात पेठा-तालमींचं फुटबॉल वेगळंच, तिथे मान स्टेडियम देतं. सोलापूरकडे तसं काही नव्हतं, क्रिकेट सोडून.

आता त्या आकड्याकडे. राष्ट्रीय लीग 1996-97 ला सुरू झाली आणि पुढच्याच हंगामात तिच्याखाली दुसरी डिव्हिजन आली. 2007-08 मध्ये वरच्या लीगचं नाव आय-लीग झालं, दुसरी डिव्हिजन दुसरीच राहिली. इथपर्यंत हिशेब सरळ. 2014 ला इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल आली, पण ती आय-लीगच्या वर नव्हती, बाजूला होती. दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा, दिवाळीच्या आगेमागे. मग 2022-23 पासून आयएसएल पहिली, आय-लीग दुसरी, आणि जिला सगळे 'सेकंड डिव्हिजन' म्हणत होते ती तिसरी. 2023-24 मध्ये आणखी खाली आय-लीग 3 निघाली. तिच्या नावात तीन, पायरी मात्र चौथी. म्हणजे तोच क्लब, तेच मैदान, गोलही तेवढेच, आणि पोरगा एकही सामना न हरता एक पायरी खाली आला. कागदावर ही फक्त फेररचना. पण नोकरीच्या अर्जावर 'स्तर' असा रकाना असतो, आणि तिथे काय लिहायचं हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

आकड्यापेक्षा जास्त नुकसान कॅलेंडरने केलं, असं माझं मत आहे. पहिली तीन वर्षं आयएसएल ऑक्टोबर ते डिसेंबर आणि आय-लीग जानेवारीपासून पुढे, अशी सोय होती. मधल्या दर्जाचा फॉरवर्ड वर्षात दोन करार करायचा, एक मोठ्या पैशाचा आणि छोट्या मुदतीचा, दुसरा उलटा. काही जण लोनवर, म्हणजे तात्पुरते दुसऱ्या क्लबकडे, जायचे. (लोन म्हटल्यावर घरच्यांना आधी पतसंस्था आठवते, ते वेगळं.) जून 2017 मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्वालालंपूरच्या बैठकीनंतर दोन्ही लीग एकाच वेळी खेळवायचं ठरलं. आयएसएलचा हंगाम लांबला, आशियाई मान्यता मिळाली आणि वरच्या फळीतल्यांना खरंच स्थैर्य आलं. ही बाजू मान्य करायलाच हवी. पण ज्याचं घर दोन अर्ध्या करारांवर चालत होतं, त्याच्या हातात एकच अर्धा उरला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

फॉरवर्डला हे जास्त लागतं, कारण परदेशी खेळाडूची जागा क्लब शक्यतो गोल करणाऱ्यावरच खर्च करतो. 2011-12 च्या आय-लीगमध्ये एका नायजेरियन फॉरवर्डने 32 गोल केले होते. आयएसएलमध्ये सुरुवातीला एका वेळी सहा परदेशी मैदानात चालायचे, 2017 ला पाच झाले, 2021 ला चार. आकडा उतरला तरी सेंटर फॉरवर्डची जागा सहसा मोकळी होत नाही. आपला पोरगा विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, सरकतो, नाहीतर सत्तराव्या मिनिटाला बदली म्हणून उतरतो. 2022-23 आणि 2023-24 चे आय-लीग विजेते वर गेले. पण क्लबला बढती मिळाली म्हणून गोल मारणारा सोबत जातोच असं नाही. वर गेल्यावर क्लब आधी नवा फॉरवर्ड शोधतो.

कोविडची वर्षं तर मोजूच नयेत. 2019-20 ची दुसरी डिव्हिजन अर्ध्यावर सोडली आणि 2020, 2021 पात्रता फेरीवर भागवलं. मोजके संघ, मोजके सामने. तेविशी-चोविशीतल्या फॉरवर्डला तेवढ्यात काय दाखवता येणार?

सोलापूरच्या दृष्टीने अंतराचाही मामला आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन ट्रायल द्यायची, हा एकेकाळी सरळ रस्ता होता. तिथला एक क्लब 2009-10 च्या पहिल्याच आय-लीग हंगामात तिसरा आला, 2012-13 ला उपविजेता ठरला. 2015 ते 2019 या काळात पुण्यातले चार व्यावसायिक क्लब मैदानातून गेले, हाही त्यांतलाच. मुंबईतला एक नावाजलेला संघ 2010 लाच थांबला होता, दुसरा 2017 ला. आयएसएलमधली पुण्याची जागा 2019 मध्ये हैदराबादला गेली, म्हणजे याच लोहमार्गावर आपल्या स्टेशनातून पलीकडे. त्या बाजूलाही एका गाडीत जाता येत होतं, म्हणून इथे फारसं कुणाला वाईट वाटलं नाही. 2025 मध्ये ती जागा हैदराबादहून दिल्लीला हलली.