कॅमेऱ्याचा हिसका येतो कुठून?

ग्वाल्हेरला लष्कर भागात गणेशोत्सवातल्या गाण्याच्या कार्यक्रमाचं कुठलंही घरगुती रेकॉर्डिंग लावून पाहा. गायिका स्वच्छ दिसते, आवाज नीट येतो, चित्रही स्थिर असतं. मग तबलजी एखादा सुंदर तुकडा घेतो आणि कॅमेरा त्याच्याकडे वळायला जातो. आधी चित्र जागचं हलतच नाही. मग एकदम हिसका बसतो, तबलजी चौकटीतून पार पलीकडे निघून जातो, आणि चित्र चाचपडत पुन्हा मागे येतं. तोवर तुकडा संपलेला असतो. कार्यक्रमानंतर सगळ्यांचं एकच निदान, ‘ट्रायपॉड हलका होता.’ पुढच्या वर्षी मंडळ जड ट्रायपॉड आणतं, आणि हिसका होता तसाच राहतो.

वजनामुळे ट्रायपॉड सहजासहजी पडत नाही, एवढं खरं. पण चित्र लोण्यासारखं सरकायला हवं असेल तर दोन वेगळ्या गोष्टी लागतात. पायांना पीळ बसता कामा नये, आणि हेडनं, म्हणजे कॅमेरा धरून दांड्यानं फिरणाऱ्या वरच्या भागानं, हाताला योग्य प्रकारे विरोध करायला हवा. ‘योग्य प्रकारे’ या शब्दांत घर्षणाचं सगळं शास्त्र दडलेलं आहे आणि ते मला फार आवडतं, म्हणून या लेखात त्यालाच जास्त जागा देणार आहे.

आधी हे काम किती नाजूक आहे ते पाहू. मोठ्या सेन्सरच्या (फुलफ्रेम) कॅमेऱ्याला २०० मिमीची लेन्स लावली, तर चौकटीत आडवा साधारण १० अंशांचा कोन मावतो. फोर-के व्हिडिओत त्या १० अंशांचे ३८४० बिंदू होतात. म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला अंशाचा सुमारे ३७० वा भाग येतो. हेडचा दांडा ३० सेंमी लांब असेल, तर त्याचं टोक ०.०१४ मिमी सरकलं की चित्र एका बिंदूनं सरकतं. माणसाच्या केसाची जाडी याच्या साधारण पाचपट असते. आता वेग बघा. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला ७ सेकंद तरी घ्यावेत, असा कॅमेरा चालवणाऱ्यांचा जुना नियम आहे. या लेन्सवर तो पाळायचा, तर हात सेकंदाला जेमतेम पाऊण सेंटीमीटर चालवायचा. आणि अशा मंद वेगालाच कोरडं घर्षण सर्वांत जास्त त्रास देतं.

शाळेत आपण शिकलो की स्थिर वस्तू हलवायला जेवढं बल लागतं, त्याहून कमी बल ती हलती ठेवायला पुरतं. स्थितिक घर्षण जास्त, गतिज घर्षण कमी. साध्या हेडमध्ये धातूवर धातू किंवा धातूवर प्लास्टिक दाबून बसवलेलं असतं. आपण दांडा ढकलतो, हेड अडून बसतं. पण दांडा, हेड आणि पाय हे सगळं मिळून थोडं लवचीक असतं, त्यामुळे आपण दिलेला जोर त्यात स्प्रिंगसारखा साठत जातो. साठलेला जोर स्थितिक घर्षणाच्या वर गेला की हेड सुटतं. सुटल्याक्षणी घर्षण कमी होतं, आणि साठलेला जोर मात्र तेवढाच असतो. हा वरचा जोर हेडला एकदम पुढे फेकतो. स्प्रिंग सैल पडते, वेग उतरतो, हेड पुन्हा अडतं. अडकणं, सुटणं, अडकणं, सुटणं. पडद्यावर दिसणारा हिसका तो हाच.

याच अडकण्या-सुटण्यावर सारंगी वाजते. राळ लावलेल्या गजाला तार चिकटते, गजाबरोबर ओढली जाते, ताण वाढला की सुटून मागे घसरते आणि पुन्हा चिकटते. षड्ज २४० हर्ट्झचा लावला असेल, तर तो वाजताना हे सेकंदाला २४० वेळा घडतं. गजाखालच्या तारेच्या या हालचालीचा पहिला नीट अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकात केला. पुढे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात राहून गजानं वाजवलेल्या तारांचा गणिती सिद्धांत मांडला, तो १९१८ साली. आपल्या ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं तेही १९१८ सालीच. राळेचं काम घर्षण वाढवण्यापुरतं नाही. चिकटताना खूप आणि घसरताना कमी, असा घर्षणातला फरक ती वाढवते, आणि सारंगियाला नेमका तोच फरक हवा असतो. कॅमेऱ्याच्या हेडमध्ये तो फरक शून्यावर आणायचा असतो.

घासणारे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केले तरी हा फरक पूर्ण जात नाही. मग त्यांचा एकमेकांना स्पर्शच होऊ द्यायचा नाही, मध्ये दाट द्रवाचा पातळ थर ठेवायचा. १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियात एरिक मिलर यांनी असं हेड बनवलं आणि फ्लुइड हेड ही जात जन्माला आली. दोन चकत्यांच्या मधल्या फटीत सिलिकॉनचा दाट द्रव असतो. एक चकती फिरली की द्रवाचे थर एकमेकांवरून सरकतात आणि विरोध करतात. या विरोधाचा नियम कोरड्या घर्षणाहून अगदी निराळा आहे. तो वेगाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर विरोध दुप्पट, वेग शून्य तर विरोधही शून्य. मधाच्या बरणीत चमचा हळू फिरवला तर सहज फिरतो आणि जोरात फिरवायला गेलं की अडतो, तसं. इथे ओलांडायचा उंबरठाच नसल्यामुळे जोर साठत नाही आणि साठलेला जोर सुटण्याचा प्रश्नही येत नाही. बोटाचा हलका दाब दिला तरी हेड लगेच आणि हळूच निघतं.

थोडं गणित मांडतो. हातानं दिलेलं बल-आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, दोन कामांत खर्च होतं. कॅमेऱ्याच्या जडत्वाला कोनीय त्वरण देण्यात, आणि द्रवाच्या विरोधावर मात करण्यात. सुरुवातीला वेग नसतो, म्हणून सगळं आघूर्ण त्वरणात जातं. वेग वाढतो तसा विरोध वाढतो, त्वरण घटतं, आणि शेवटी हाताचा जोर भागिले द्रवाचा विरोध-गुणांक या ठराविक वेगावर हेड स्थिरावतं. पॅनच्या सुरुवातीला वेग हळुवार चढतो आणि शेवटी हळुवार उतरतो तो या समीकरणामुळे. चालवणाऱ्याचं कसब पुढचं. दुसरी गंमत आणखी मोलाची आहे. प्रत्येक निरोगी माणसाचा हात सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक थरथरत असतो. द्रवाचा विरोध वाढवला की तोच पॅन करायला आपल्याला जास्त जोर लावावा लागतो. थरथर मात्र तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे हेतुपूर्वक दिलेल्या जोराच्या तुलनेत थरथर क्षीण होते, आणि उरलेली थरथर कॅमेऱ्याचं जडत्व गिळून टाकतं. म्हणून चांगल्या हेडवर विरोधाचे आकडे असतात. आकडा वाढवला की आणखी चकत्या कामाला लागतात. लांब लेन्सला मोठा आकडा, रुंद लेन्सला लहान.

टिल्ट करताना, म्हणजे कॅमेरा वर-खाली झुकवताना, गुरुत्वाकर्षण मध्ये येतं. समजा कॅमेरा २ किलोचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य हेडच्या आसापासून १२ सेंमी वर आहे. तो ३० अंश पुढे झुकवला की सुमारे १.२ न्यूटन-मीटरचं आघूर्ण त्याला आणखी खाली ओढतं. साध्या हेडवर त्याला थोपवायला आपण स्क्रू आवळतो. स्क्रू आवळला की कोरडं घर्षण परत आलं, आणि त्याच्याबरोबर हिसकाही. जाणकार म्हणूनच प्रतितोलाची स्प्रिंग असलेलं हेड घेतात. आत बसवलेली ही स्प्रिंग झुकण्याच्या कोनानुसार उलटं आघूर्ण देते, मग कॅमेरा कुठल्याही कोनात, स्क्रू न आवळता, सोडला तिथे थांबतो. मला विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा कार्बन फायबरचे पाय सोडून द्यावेत, ही स्प्रिंग सोडू नये.

‘पण आता कॅमेऱ्यातच स्टॅबिलायझेशन असतं ना?’ हा प्रश्न येतोच. हातात कॅमेरा धरून चालताना त्याचा उपयोग नक्की आहे. त्यातला जायरोस्कोप कॅमेरा किती वेगानं फिरतोय ते मोजतो आणि लेन्स किंवा सेन्सर उलट दिशेला सरकवतो. आपण चुकून हललो की मुद्दाम वळलो, हे मात्र त्याला फक्त अंदाजानं ठरवावं लागतं. हळू पॅन सुरू झाला की तो आधी चित्र धरून ठेवतो आणि मर्यादा संपली की सोडून देतो. म्हणजे अडकणं-सुटणं इथेही आलंच, फक्त घर्षणाच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स आलं. शिवाय संध्याकाळच्या मांडवात शटर १/५० सेकंद उघडं राहत असेल, तर तेवढ्यात बसलेला धक्का चौकटीत फरकाटा होऊन उमटतो. सॉफ्टवेअर चौकट मागाहून जागेवर आणेल, पण फरकाटा राहतोच.

आता पायांकडे. नळीचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या घनाबरोबर वाढतो. जाडी तीच ठेवून व्यास २० मिमीवरून २८ मिमीवर नेला, तर ताठपणा सुमारे पावणेतीन पट होतो. आणि पाय जितके ताठ, तितका जोर त्यांत साठायला वाव कमी. पण अनेक घड्यांच्या ट्रायपॉडमध्ये वरची नळी जाड आणि शेवटची पेन्सिलीसारखी बारीक असते, आणि एकूण ताठपणा त्या सर्वांत बारीक नळीवर ठरतो. म्हणून घड्या कमी असलेला घ्या, आणि गरज नसेल तर शेवटची घडी उघडूच नका. मधला खांब वर काढणं तर टाळाच. एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट झाली की तो आठपट सहज वाकतो. व्हिडिओच्या ट्रायपॉडला प्रत्येक पायात दोन-दोन नळ्या आणि खाली किंवा मध्ये पायांना एकमेकांशी जोडणारी पसरणी का असते, तेही यातूनच कळेल. दोन नळ्या अंतर ठेवून जोडल्या की त्यांना पिळणं फार अवघड जातं. शिवाय धक्का बसल्यावर कंपन किती लवकर विरतं यात पदार्थाचा वाटा असतो. ॲल्युमिनियम घंटेसारखं गुणगुणत राहतं, कार्बन फायबर लवकर गप्प होतं, आणि लाकूड याबाबतीत अजूनही फार चांगलं आहे. जमीन मोजणारे सर्वेक्षक लाकडी तिवई अजून वापरतात, त्याचं हे एक कारण आहे.

तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असं आपल्याकडे अजून सांगितलं जातं. पाल्यानं गळा तयार होत नसतो. ग्वाल्हेर घराण्याची गायकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या रियाजातून आली, आणि त्या मेहनतीचं श्रेय झाडाला देणं मला अन्यायाचं वाटतं. खोक्यावर छापलेल्या शब्दांवरचा विश्वासही याच जातीचा आहे. ‘फ्लुइड हेड’ असं लिहिलेल्या स्वस्त हेडमध्ये पुष्कळदा दोन प्लास्टिकच्या पृष्ठभागांवर थोडं ग्रीस फासलेलं असतं, एवढंच. ‘८ किलो पेलतो’ हा आकडाही जपून वाचा. तो मोजायची सगळ्या कंपन्यांनी पाळलेली एक पद्धत नाही, आणि ट्रायपॉड मोडणार नाही याचा अर्थ चित्र थरथरणार नाही असा होत नाही.

त्यापेक्षा दुकानात जाताना खिशात एक रबरबँड ठेवा. ट्रायपॉड पूर्ण उघडा, कॅमेरा चढवा, रबरबँड दांड्याच्या टोकाला अडकवा आणि अगदी हळू ओढा. हेड कोरडं असेल तर रबर ताणत जाईल, ताणत जाईल, आणि मग दांडा टुणकन उडी घेईल. खरं फ्लुइड हेड रबर थोडं ताणताच मागोमाग चालू लागेल आणि रबराचा ताण बदलणार नाही. पॅन मध्येच थांबवून रबर सोडून द्या. चित्र थोडं मागे परत आलं, तर पाय पिळले जात आहेत असं समजा. मग जास्तीत जास्त झूम करून पायावर बोटानं टिचकी मारा आणि पडद्यावरची थरथर किती वेळ टिकते ते पाहा. सेकंदाच्या आत शांत झाली तर उत्तम. माझ्या मते ही परीक्षा घेऊ न देणाऱ्या दुकानातून ट्रायपॉड घेऊच नये.

किल्ल्यावर मानमंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशांत पिवळ्या बदकांची रांग आहे. लांब लेन्स लावून त्या रांगेवरून संथ पॅन करून बघा. एकसारखी, ठराविक अंतरावर येणारी बदकं हेडचा बारीकसा अडखळाही लपू देत नाहीत. मांडवात मात्र ट्रायपॉड फळ्यांच्या स्टेजवर न ठेवता जमिनीवर ठेवा, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याचं प्रत्येक पाऊल चित्रात येईल. वजनासाठी पिशवी टांगायची तर तिचा तळ जमिनीला टेकू द्या. लोंबकळणारी पिशवी वाऱ्यात स्वतःच झुलते आणि ट्रायपॉडला झुलवते.

आपल्या हवेचाही विचार करा. मे महिन्यात ४५ अंश, आणि डिसेंबरात तानसेन समारोहाच्या रात्री हात गारठवणारी थंडी. तापमान उतरलं की द्रवाची श्यानता (दाटपणा) वाढते. सिलिकॉनच्या द्रवात हा बदल खनिज तेलापेक्षा बराच कमी होतो, म्हणून चांगल्या हेडमध्ये सिलिकॉन असतं. थंडीत रेकॉर्डिंगच्या आधी हेड दोन्ही दिशांना काही वेळ फिरवून घ्यावं. जुनं हेड विकत घेताना सांध्यांवर चिकट ओघळ दिसला तर द्रव बाहेर येतोय, ते घेऊ नये. आणि घरचं हेड जड चालायला लागलं म्हणून त्यात शिलाई मशीनचं तेल कधीही सोडू नका. ते पातळ तेल आतल्या दाट द्रवाचं काम करू शकत नाही, आणि मग सगळं हेड खोलून, धुऊन, पुन्हा योग्य द्रव भरण्यावाचून इलाज उरत नाही.